रायफलीची गोळी : लांब पल्ल्याच्या अचूकतेचा इतिहास

रायफलीच्या नळीतून दारूच्या वायूंच्या दाबाने फेकल्या जाणाऱ्या धातूच्या घन पिंडास गोळी म्हणतात. व्यवहारात संपूर्ण काडतुसालाही गोळी म्हटले जाते. तथापि पितळी कोश, टोपी (दारू पेटविणारा भाग), दारू व गोळी हे काडतुसाचे चार घटक असून त्यांपैकी लक्ष्यापर्यंत केवळ गोळीच जाते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या नेमबाजीत गोळीची निवड निर्णायक ठरते. गोळी जड असावी की हलकी, लांब असावी की आखूड, तिचे कवच कोणत्या बाजूने बंद असावे, या प्रश्नांची उत्तरे गेल्या दोन शतकांत बदलत गेली. या बदलांचा भारताच्या राजकीय इतिहासाशी, तसेच खडकी, वरणगाव व अंबरनाथ येथील कारखान्यांमुळे महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला.

गोल गोळीकडून लांबट गोळीकडे : ठासणीच्या बंदुकीत शिशाची गोल गोळी वापरीत. गोलकाच्या छेदाच्या मानाने त्याचे वजन अल्प असते. म्हणून हवेच्या रोधामुळे त्याचा वेग लवकर घटतो. त्याच व्यासाची लांबट गोळी जड असल्याने वेग अधिक काळ टिकवून धरते. परंतु तिला स्वतःभोवती पुरेशी फिरत न मिळाल्यास ती हवेत कोलांट्या खाते. ही फिरत नळीच्या आतील मळसूत्री खाचांमुळे मिळते. अशा खाचा यूरोपात सोळाव्या शतकापासून माहीत होत्या. मात्र खाचांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून ठासणे हे वेळखाऊ काम असल्याने रणांगणावर त्यांचा उपयोग मर्यादित राहिला.

फ्रेंच अधिकारी क्लोद एत्येन मिन्ये यांनी १८४९ मध्ये या अडचणीवर तोडगा काढला. त्यांच्या लांबट गोळीचा व्यास नळीपेक्षा किंचित कमी असून तिचा तळ पोकळ होता. बार उडताच वायूंच्या दाबाने तळ फुगे व गोळी खाचांत घट्ट बसे. याच तत्त्वावर इंग्लंडने १८५३ ची एन्फील्ड रायफल स्वीकारली. तिचा नळव्यास ०·५७७ इंच होता. गोळी नळीत सहज सरकावी व दारूची काजळी साचू नये म्हणून काडतुसाच्या कागदास वंगण लावीत आणि शिपाई तो कागद दातांनी तोडून दारू नळीत ओतीत. या वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे प्रथम पसरली. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक व खोलवरची होती. तरी अचूकतेसाठी योजलेले वंगण हे त्याचे तात्कालिक निमित्त ठरले. ज्याच्या हाती शस्त्र द्यावयाचे त्याचे मत विचारात न घेता काडतूस ठरविण्याचे हे ठळक उदाहरण होय.

लांबी व फिरत यांचे नाते : एन्फील्डच्या खाचा ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करीत. इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८५० नंतरच्या दशकात प्रयोग करून ०·४५१ इंच व्यासाची षट्कोनी नळी तयार केली व २० इंचांत एक फेरा ठेवला. त्यांच्या ५३० ग्रेनच्या (सु. ३४ ग्रॅ.) गोळीचे वजन एन्फील्डच्या गोळीएवढेच होते, मात्र व्यास कमी असल्याने ती अधिक लांब होती. दूरच्या पल्ल्यात तिने एन्फील्डला स्पष्टपणे मागे टाकले. किंमत व नळीत साचणारी काजळी यांमुळे ती सैन्यात सर्वत्र स्वीकारली गेली नाही. तरी गोळी आणि नळी यांची जोडी जुळली पाहिजे, हा सिद्धांत तिने प्रस्थापित केला. गणितज्ञ ए. जी. ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये गोळ्याची लांबी, व्यास व आवश्यक फिरत यांचे सूत्र मांडले. लांबी वाढली की फिरत वाढली पाहिजे, असे ते थोडक्यात सांगते.

१८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमोर येथे ८००, ९०० व १,००० यार्डांवर झालेल्या सामन्यात अमेरिकेने आयर्लंडवर ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी विजय मिळविला. आयरिश संघाजवळ ठासणीच्या, तर अमेरिकनांजवळ मागून भरावयाच्या रायफली होत्या. तेव्हापासून लांब पल्ल्याची चांदमारी हा युद्धाहून वेगळा, स्वतंत्र खेळ म्हणून मान्यता पावला.

कवच, टोक व तळ : पॉल व्येय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली. तिच्यामुळे मिळणाऱ्या वेगात उघडे शिसे खाचांत टिकेना. म्हणून स्वित्झर्लंडमधील एदुआर्ट रूबिन यांनी योजलेले, शिशाभोवती कठीण धातूचे कवच असलेल्या गोळीचे तंत्र सर्वत्र रूढ झाले. वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत अशा गोळीने शत्रू थांबत नाही, अशी ब्रिटिश सैन्याची तक्रार होती. त्यावर डमडम येथे नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे कवच काढलेली, शरीरात पसरणारी गोळी तयार केली. १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला.

दरम्यान गोळीचे टोक अणकुचीदार झाले. ब्रिटिश ०·३०३ इंची काडतुसातील २१५ ग्रेनची बोथट गोळी जाऊन १९१० मध्ये १७४ ग्रेनची (सु. ११·३ ग्रॅ.) अणकुचीदार ‘मार्क ७’ गोळी आली. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात ही काडतुसे तयार होत. त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उमटविलेली असत.

अमेरिकन संशोधक फ्रँक्लिन मान यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत असे दाखविले, की गोळीच्या टोकातील दोषापेक्षा तिच्या तळातील दोष अचूकतेस कितीतरी अधिक मारक असतो. नळीच्या तोंडाशी वायू सर्वांत शेवटी गोळीच्या तळाजवळून निसटतात. तळ वाकडा असल्यास ते तिला एका बाजूस ढकलतात. सैनिकी गोळीचे कवच टोकाकडे बंद व तळाकडे उघडे असते. स्पर्धेच्या गोळीत याच्या उलट रचना करून तळ अखंड ठेवतात. तिच्या टोकावरील बारीक छिद्र कवच दाबून आणताना उरलेले असते, ते डमडम गोळीप्रमाणे पसरण्यासाठी नसते.

निवडीचे निकष : काडतूस स्वतः भरणारे नेमबाज गोळीचे वजन, व्यास, लांबी व मध्याशी असलेली समतोलता यांतील एकसारखेपणा प्रथम पाहतात, त्यानंतर तिचा आकार पल्ल्याशी व नळीच्या फिरतीशी जुळतो काय, याचा विचार करतात. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ (सु. ३४० मी. प्रतिसेकंद) येताच तिच्यावरील हवेचे दाब बदलून काही गोळ्या डळमळू लागतात. १६८ ग्रेनची एक सुप्रसिद्ध अमेरिकन गोळी ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी तयार झाली व तेथे उत्तम ठरली. परंतु १,००० यार्डांवर ती याच कारणाने अपुरी पडते. सारांश, ‘उत्तम गोळी’ अशी स्वतंत्र वस्तू नसून ती विशिष्ट नळीची व पल्ल्याची असते.

महाराष्ट्रातील स्थिती : १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्यास मनाई केली, यूरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. त्यामुळे रायफलीचा खेळ दीर्घकाळ मूठभरांपुरताच राहिला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. खडकीखेरीज जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये काडतुसांचा कारखाना निघाला. ठाणे जिल्ह्यात, दिवा व कल्याण स्थानकांच्या पुढे अंबरनाथ येथे अलोह धातूंचे काम करणारा आयुध कारखाना आहे. २०२१ मधील पुनर्रचनेत खडकी व वरणगाव म्युनिशन्स इंडिया लि. या कंपनीकडे, तर अंबरनाथचा हा कारखाना यंत्र इंडिया लि. कडे गेला. सैनिकी काडतूस कोणत्याही रायफलीत, कोणत्याही हवेत हमखास उडावे लागते. ते एका नळीसाठी घडविलेले नसते. म्हणून या उत्पादनाने खेळाडूची गरज भागत नाही.

महाराष्ट्राच्या नेमबाजांनी नाव मिळविले ते मुख्यतः ५० मीटर प्रकारात. त्यातील ५·६ मिमी. काडतुसाची टोपी कोशाच्या काठातच असल्याने ते पुन्हा भरता येत नाही. गोळी शिशाची, सु. २·६ ग्रॅ. वजनाची असते व तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो. अशा स्थितीत निवडीचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे रायफलीची नळी पकडीत आवळून एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतील काडतुसे झाडून पाहणे व सर्वांत लहान वर्तुळात बसणारी खेप राखून ठेवणे. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०·४ मिमी. असल्याने खेपेतील सूक्ष्म फरकही पदकाचा निकाल बदलू शकतो.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मीटर पहुडून नेमबाजीत विश्वविजेत्या ठरल्या. याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. वरळी व बालेवाडी येथील केंद्रांमुळे सरावाची सोय झाली. तथापि स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे मुख्यतः परदेशी कारखान्यांतून येत असल्याने भारतीय नेमबाजाची निवड पुष्कळदा हाती आलेल्या खेपेपुरतीच राहते. १८५७ च्या शिपायास निवडीचा अधिकार नव्हता. आजच्या खेळाडूस तो आहे, पण त्याची व्याप्ती उपलब्ध पुरवठ्यावर अवलंबून आहे. वजन वा वेगापेक्षा एकसारखेपणा आणि गोळी व नळी यांची जुळणी हीच अचूकतेची खरी गुरुकिल्ली आहे, हे या इतिहासाचे सार होय.