उसावर विमान किती उडेल?

19 मे 2023 रोजी एअरएशिया इंडियाचे विमान पुण्याहून दिल्लीला गेले, त्यात प्राज इंडस्ट्रीजने बनवलेले देशी जैवइंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांत 2030 पर्यंत पाच टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. असे इंधन उसाच्या इथेनॉलपासूनही करता येते, त्यावरून कृष्णाकाठी एक मत रुजले आहे: ऊस वाढवा, विमानांचा कार्बन घटेल आणि शेतकऱ्याचेही भले होईल.

या मतात तथ्य नाही असे नाही. साखरेचा भाव पडला की एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसापोटी द्यायची किमान रक्कम, थकते. अशा वेळी इथेनॉलच्या पैशाने कारखान्यांना हात दिला आहे. पण हिशेब मांडून पाहू. टनभर उसाच्या रसातून साधारण 70 लिटर, म्हणजे 55 किलो इथेनॉल निघते. त्याचे विमान-इंधन करताना दर 46 भागांतले 18 भाग पाणी होऊन जातात. हाती फार तर 34 किलो राहते. पुणे-दिल्लीच्या एका खेपेला सुमारे पाच टन इंधन जळते. म्हणजे निव्वळ उसावर उडायचे तर दीडशे टन ऊस हवा. कृष्णाकाठच्या वाळव्यातला एकरी 50 टनांचा फड धरला तरी तीन एकर! आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने पाणी प्यालेला हा ऊस दोन तासांत संपतो.

शिवाय हे पाणी फुकट येत नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांचे पंप कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात, ते विजेवर. आणि आपली बहुतेक वीज कोळशाची. फडात टाकलेल्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडहून सुमारे 270 पट तापदायक. विमानाच्या शेपटीचा धूर मोजायचा आणि बांधावरचा सोडायचा, हा हिशेब खरा नव्हे.

आणि पाऊस? ज्या 2023 मध्ये ते विमान उडाले, त्याच वर्षी 7 डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पाऊस कमी झाला होता, साखर अपुरी पडेल अशी धास्ती होती. पुढे बंदी सैल झाली, पण पावसावर टांगलेला आधार किती कच्चा, ते दिसले.

म्हणून माझे म्हणणे असे: विमान-इंधन जरूर करावे, पण साखर काढून उरलेल्या मळीचे आणि तोडणीनंतर फडातच पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटाचे. त्यासाठी नवा एकर लावू नये. महाग इंधनाचा भार तिकिटावर पडू द्यावा, रेल्वेने जाता येईल तिथे विमान टाळावे. उपसा योजनांतून दुष्काळी माण-आटपाडीला पोचलेले पाणी आधी तिथल्या डाळिंबाचे, ज्वारीचे आणि माणसांचे आहे. विमानात कधी न बसलेल्यांच्या वाट्यातून ते काढून घेण्याचा हक्क कुणालाही नाही.