मरणाचं वतन आणि मरणाचं दुकान

मंडळी, आजचा विषय आहे पिढीजात अंत्यविधीचा व्यवसाय. इंग्लंड-अमेरिकेत अनेक ठिकाणी गावातला सुतार शवपेट्या करायचा, मग हळूहळू बाकीचंही सगळं तोच बघायला लागला. पुढे मुलगा, नातू. दारावरची पाटी तीच. असं घर सातपूरच्या जुन्या गावठाणात शोधाल तर मिळणार नाही. पण म्हणून आपल्याकडे हे काम पिढीजात नव्हतं असं नाही. ते गावभर वाटलेलं होतं.

बघा ना. तिरडीचा बांबू बुरुडाकडचा, मडकं कुंभाराचं, केस उतरवायला न्हावी. मयताचा सांगावा घेऊन परगावी नातेवाइकांकडे पायी जायचा तो महार. सरणाची लाकडंही बहुधा त्यानंच वाहायची. मोबदला काय, तर सुगीला बलुतं आणि मढ्यावरचं कापड. आम्ही तत्त्वज्ञानवाले मृत्यूवर तासन्‌तास बोलतो, लाकडं कोणी वाहिली ते विचारत नाही.

याला नाव होतं वतन. ऐकायला मालमत्ता वाटते, प्रत्यक्षात माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात याविरुद्ध विधेयक आणलं. कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ मध्ये. मधली तीस वर्षं जरा मोजा.

बरं, हे फक्त खालच्या पायरीवर होतं का? नाही. अंत्यक्रिया सांगणाऱ्या किरवंतालाही बाकीचे ब्राह्मण पंगतीत दूर ठेवायचे. प्रेमानंद गज्वींचं ‘किरवंत’ नाटक त्यावरच आहे. आणि इथून जवळच, पंचवटीत, तीर्थोपाध्यांची घराणी. रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्यांच्या वंशावळी त्यांच्या वह्यांत. भावाभावांत वाटणी झाली की यजमानांचीही वाटणी. मरणावरच चालणारं घर, पण मान केवढा! मला यात एक सूत्र दिसतं. जो प्रेताला हात लावतो तो खाली, जो मेलेल्याचं नाव लिहितो तो वर.

मग १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्र्यंबक रस्त्यावरच्या या गावाच्या शेतांत मायको, महिंद्र आले. खानदेशातून, मराठवाड्यातून कामगार आले, भाड्याच्या खोल्यांत राहिले. तिथं रात्री कोणी गेलं तर कुठला बुरूड आणि कुठला कुंभार? अशा वस्त्यांनीच ‘अंत्यविधीचे साहित्य मिळेल’ ही पाटी आणली. बांबू, सुतळी, मडकं, कापड, गुलाल, गोवऱ्या, सगळं एका गाठोड्यात. घरातलं कोणीतरी दुकानातच झोपतं, कारण मरण वेळ बघून येत नाही.

हे दुकानही बापाकडून मुलाकडे जातं. फरक एवढाच की इथं भाव सांगतात, रोख घेतात, आणि मुलाला नको असेल तर तो उद्या शटर पाडून मोबाइलचं दुकान काढू शकतो. वतनदाराला ही मुभा नव्हती. आता सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ असं विचारल्यावर हे घर काय उत्तर देतं, ते तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जरूर विचारून बघा.