पल्सर : नवख्यांची गिअरची गाडी

पल्सर : पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये १५० आणि १८० सीसी अशा दोन इंजिनांसह बाजारात आणलेली मोटारसायकल. पुढे याच नावाखाली १२५ सीसीपासून वरपर्यंत गाड्यांचे एक घराणेच उभे राहिले. या नोंदीचा विषय त्यांतली १५० सीसीची गाडी आणि तिच्या आसपासचे प्रकार एवढाच आहे, आणि संदर्भ वऱ्हाडचा, त्यातही अमरावती व अकोला या दोन शहरांचा आहे. वाहनांविषयी लिहिणारे अशा गाडीला ‘नेकेड’ म्हणतात, म्हणजे इंजिन, चौकट आणि नळ्या झाकणारे प्लास्टिकचे कवच, अर्थात फेअरिंग, नसलेली. मराठी बोलण्यात या प्रकाराला स्वतंत्र नाव पडले नाही, कारण आपल्याकडे मोटारसायकल म्हटली की ती उघडीच असायची. नाव शोधावे लागले ते कवचवाल्या गाडीसाठी, आणि ते ‘स्पोर्ट्स बाइक’ असे इंग्रजीतूनच आले. पल्सर १५० च्या दिव्याभोवती छोटी टोपी आहे, टाकीला पंख आहेत, पण इंजिन उघडेच असल्याने ती नेकेड गाड्यांतच मोडते.

या गाडीच्या आधी बाजार शंभर सीसीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचा होता. हीरो होंडाने १९९९ मध्ये आणलेली सीबीझेड हा त्यातला ठळक अपवाद. बजाजची ओळख तोवर चेतक स्कूटरची. टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेच्या सहकार्याने पल्सर घडली, पुढे ब्रिटिश डिझाइनर ग्लिन केर यांचाही हात तिला लागला आणि चाकणच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. २००३ मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग देणारे डीटीएस-आय तंत्र आले, आणि ही गाडी खर्चिक हौस न राहता रोजच्या वापराची झाली. ‘डेफिनिटली मेल’ या घोषवाक्याने तिची जाहिरात झाली हे आज जरा विनोदी वाटते. बजाज उद्योगाचे मूळ वर्ध्याचे. वर्धा काही वऱ्हाडात मोडत नाही, तरी पुण्याची ही गाडी विदर्भाला अगदी परकी नव्हे, एवढे म्हणायला हरकत नाही.

गिअरची गाडी पहिल्यांदा शिकणाऱ्या नवख्याने कोणती घ्यावी, हे आपल्याकडचा कायदा सांगत नाही. युरोपात परवान्याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटची मर्यादा आणि तिच्यापुढची पायरी ३५ किलोवॉटची. मोटार वाहन कायदा, १९८८ सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालवू देतो आणि अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचा परवाना दिला की शंभर सीसी व हजार सीसी यांत फरक करत नाही. म्हणून निवड येऊन पडते घरच्यांच्या खिशावर आणि सीसीच्या आकड्यावर. कमी सीसी ती सुरक्षित आणि जास्त सीसी ती धोक्याची, असे सरळ गणित मांडले जाते. हे गणित अपुरे आहे. शिकणाऱ्याच्या हातून दोन गोष्टी हमखास होतात. तो कधीतरी पडतो आणि कधीतरी घाबरून ब्रेक गच्च दाबतो. या दोन प्रसंगी गाडी कशी वागते आणि नंतर किती खर्च काढते, यावर तिची लायकी ठरायला हवी. सीसीचा विचार त्यानंतर.

पडण्याच्या बाबतीत वऱ्हाडची माती शिकणाऱ्याची कसोटी पाहते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, चिकणमातीची जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावरून गेलेले डांबर काही वर्षांत लाटांसारखे होते. जून-जुलैत ट्रॅक्टर वावरातून सडकेवर चढले की चाकांना लागलेला गारा वळणावर पसरतो, आणि पांदण रस्त्यावर तर टायरच्या खाचा त्याच मातीने बुजून जातात. अशा ठिकाणी गाडी आडवी होते ती बहुधा ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगात. उघड्या गाडीचे अशा वेळी आरसा, इंडिकेटर, क्लचचा किंवा ब्रेकचा दांडा आणि पायठेवणी एवढे नुकसान होते. हे सुटे भाग अकोल्यात मिळतात तसे मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूरलाही मिळतात आणि कोणताही मिस्त्री उभ्या उभ्या बसवून देतो. कवचवाल्या गाडीत मात्र आधी प्लास्टिक घासते किंवा तडकते, तुकडा रंगासह नवा मागवावा लागतो, आणि आतला साधा बोल्ट तपासायलाही अर्धी गाडी उघडावी लागते. तुलनेसाठी पल्सरच्याच घराण्यात सोयीची जोडी आहे. २०१२ ची एनएस २०० आणि २०१५ ची आरएस २०० यांचे इंजिन मुळात एकच, १९९.५ सीसीचे. पहिली उघडी, दुसरी पूर्ण कवचातली, आणि ती दुसरी वजनाने जड व किमतीने महाग. नवख्याच्या हाती कवचाने येते ते बहुतांशी ओझेच.

यावर महामार्गाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. अमरावती ते अकोला हा बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजूवरून जाणारा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ चा भाग आहे. याच पट्ट्यात लोणी ते माना या दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण झाले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. असा रस्ता, त्यावर मे महिन्यातला वारा आणि समोरून धूळ उडवत येणारे ट्रक, म्हणजे छातीवर वारा झेलत बसण्यापेक्षा काचेमागे वाकलेले बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कवचाचा फायदा जाणवू लागतो तो ऐंशीच्या पुढे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारसायकलची कमाल मर्यादाच ताशी ८० किलोमीटर आहे, इतर रस्त्यांवर ६०. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. ज्या वेगासाठी कवच घ्यायचे तो वेग नवख्याला कायद्याने कुठेच उपलब्ध नाही. उलट वारा अंगावर आला की आपण किती जोरात चाललो हे शरीराला कळते, आणि कवचामागे तीच जाणीव बोथट होते. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून उंच असलेल्या चिखलदऱ्याला परतवाड्याहून चढणाऱ्या घाटात तर वेगाचा प्रश्नच नाही. तिथे रुंद हँडल आणि ताठ बसण्याची ढब कामाला येते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. शंभर सीसीची साधी गाडीही उघडीच असते, ती स्वस्त, सुमारे ३५ किलोने हलकी आणि पेट्रोल कमी पिणारी. मग नवख्याला तीच का देऊ नये? शहरातल्या शहरात, अकोल्याच्या गोरक्षण रोडवरून टॉवर चौकापर्यंतच फिरायचे असेल, तर जरूर द्यावी. वजनाचा मुद्दा तर पूर्ण मान्य करायला हवा. दीडशे किलोच्या आसपासची पल्सर आडवी झाल्यावर एकट्याने उचलणे बारीक अंगकाठीच्या मुलाला किंवा मुलीला जड जाते. पण ब्रेकचा हिशोब दुसरीकडे झुकतो. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना लागू झालेल्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे केले, १२५ पर्यंतच्या गाड्यांना मात्र दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस चालेल असे ठरवले. म्हणजे शिकाऊ म्हणून जी छोटी गाडी घरात येते, तिलाच चाक जाम होण्यापासून वाचवणारी ही एबीएस व्यवस्था बहुधा नसते. २०१९ मध्येच आलेली पल्सर १२५ आणि पल्सर १५० दिसायला जुळी भावंडे आहेत. गाऱ्यावर ब्रेक दाबला की त्यांतला फरक कळतो. पल्सर १५० चे एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे आणि मागचे चाक तरीही घसरू शकते, हे खरे. सुट्या मातीवर एबीएसमुळे गाडी थांबायला अंतर थोडे जास्तही लागते. पण पुढचे चाक जाम झाले नाही तर हँडल हातात राहते, आणि तोल सावरायला शिकणाऱ्याला एवढीच संधी असते.

मग त्याच न्यायाने आणखी वरची गाडी का नको? २०२२ मध्ये आलेल्या पल्सर एन १६० मध्ये दोन्ही चाकांना एबीएस असलेला प्रकार मिळतो, आणि ब्रेकपुरती ती सरस आहे. इथे विम्याचा काटा आड येतो. जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा वार्षिक तृतीय-पक्ष विमा ७१४ रुपये, तर १५० ते ३५० सीसीचा १,३६६ रुपये. नव्या दुचाकीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, म्हणून फरक पहिल्याच दिवशी हजारांत जातो. पल्सर १५० चे इंजिन १४९.५ सीसीचे, म्हणजे या रेषेच्या आत अर्ध्या सीसीने. यामाहाची १४९ सीसीची एफझीही याच फटीत बसते. ब्रेकचा नियम १२५ वर रेष ओढतो आणि विमा १५० वर. या दोन रेषा कुणी एकत्र बसून आखलेल्या नाहीत, तरी त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत नवख्याला परवडणारी आणि थांबणारी गाडी सापडते. चौदा अश्वशक्तीची ताकद पोट्ट्यांना बिघडवते, असेही म्हटले जाते. ट्रिपल सीट बसून अमरावतीच्या पंचवटी चौकातून सुसाट निघणारे असतातच, पण त्यांना शंभर सीसीही पुरते. शंभर सीसीवर ट्रक ओलांडायला लागणारा जास्तीचा वेळ हादेखील धोकाच आहे, आणि तो दुपदरी रस्त्यावर रोजचा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नवी गाडी थोडी आवाक्यात आली. तरी अमरावतीच्या एमएच-२७ आणि अकोल्याच्या एमएच-३० या पाट्यांच्या अनेक पल्सर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडूनच शिकणाऱ्याच्या हाती पडतात. अशी गाडी घेताना रंग आणि टाकीवरचे स्टिकर पाहण्याआधी आरसीवरचे साल पाहावे, कारण २०१९ च्या आधीच्या बहुतेक पल्सर १५० ना एबीएस नाही. कागद हाताशी नसेल तर पुढच्या चाकापाशी वाकून बघावे. डिस्कला लागून बारीक खाचांची दुसरी छोटी चकती आणि तिच्याजवळ येणारी वायर दिसली, तर एबीएस आहे.