कद्रदान

8 एप्रिल 2021. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा शहर. 'मास्टर्स' या गोल्फ स्पर्धेचा पहिला दिवस. सकाळच्या उन्हात तीन म्हातारे पहिल्या 'टी'पाशी, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागी, आले होते. जॅक निक्लॉस 81 वर्षांचे, गॅरी प्लेअर 85 वर्षांचे आणि ली एल्डर 86 वर्षांचे. मैदानाभोवती दोरी, दोरीमागे प्रेक्षक.

निक्लॉस आणि प्लेअर यांनी मानाचा एकेक फटका मारला. एल्डर यांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांना फटका मारणे शक्य नव्हते. ते खुर्चीवरून उठले, हातातला ड्रायव्हर उंच केला आणि लोकांना अभिवादन केले. लोक टाळ्या वाजवत राहिले.

या तिघांपैकी दोघे ही स्पर्धा अनेकदा जिंकलेले: निक्लॉस सहा वेळा, प्लेअर तीन वेळा. एल्डर एकदाही नाही. 1975 साली ते इथे पहिल्यांदा खेळले तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच बाद झाले होते. मग हा मान त्यांना का? त्या मानाला इतका उशीर का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना गोल्फचा इतिहास तर कळतोच, पण 'कदर' या शब्दाचा अर्थही नव्याने कळतो.

ऑगस्टामध्ये प्रेक्षकाला प्रेक्षक म्हणत नाहीत, 'पेट्रन' म्हणतात. मराठीत आश्रयदाता म्हणता येईल, पण तो शब्द मला जड वाटतो. उर्दूत त्याला नेमका शब्द आहे : कद्रदान. ज्याला समोरच्याच्या गुणाचे मोल कळते तो कद्रदान. मुशायऱ्यात शायर ज्यांच्या भरवशावर शेर म्हणतो, ते हे लोक.

या कद्रदानांच्या रीतीही अदबीच्या आहेत. मैदानात पळायचे नाही. मोबाइल आत नेता येत नाही. सकाळी येऊन एखाद्या होलजवळ आपली खुर्ची मांडावी आणि खुशाल फिरायला जावे, खुर्ची कोणी उचलत नाही. फार तर मालक येईपर्यंत दुसरा कोणी त्यावर टेकतो. गोल्फचा प्रेक्षक क्रिकेटसारखा एका जागी बसत नाही. अठरा होलांचा फेरा काही किलोमीटरचा असतो. आपल्या आवडत्या खेळाडूच्या मागे लोक तो चालत पुरा करतात. चार दिवस, रोज अठरा होल आणि सर्वांत कमी फटक्यांत खेळ संपवील तो विजेता, एवढे नियम समजले तरी पुढचे सगळे समजते.

या खेळात धावावे लागत नाही, त्यामुळे माणूस उशिरापर्यंत खेळू शकतो. त्यात मास्टर्सचा एक खास रिवाज असा की, एकदा जिंकलेल्याला पुढे आयुष्यभर स्पर्धेचे निमंत्रण मिळते. आजोबांनी ज्याला तरुणपणी पाहिले, त्यालाच नातू म्हातारपणी पाहतो. अर्नोल्ड पामर 1958 ते 1964 या काळात इथे चार वेळा जिंकले. 2004 साली ते इथे शेवटचे खेळले, ती त्यांची सलग पन्नासावी मास्टर्स होती. जवळच्या लष्करी छावणीतले सैनिक त्यांचे सुरुवातीचे चाहते, म्हणून त्यांच्या मागून चालणाऱ्या गर्दीचे नाव पडले 'आर्नीज आर्मी', आर्नीची फौज. 2016 मध्ये पामर वारले. 2017 च्या मास्टर्समध्ये त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती आणि त्या रिकाम्या खुर्चीवर त्यांचा हिरवा कोट ठेवला होता. हिरवा कोट हे तिथल्या विजेत्याचे मानचिन्ह.

पण ही फौज सगळ्यांशीच प्रेमाने वागत होती असे नाही. 1962 साली ओकमाँट इथे अमेरिकन ओपन स्पर्धेत बावीस वर्षांच्या निक्लॉस यांनी पामर यांना हरवले. ओकमाँट म्हणजे पामर यांच्या घरचा मुलूख. तिथे लोकांनी या जाड्या पोराची टर उडवली, 'फॅट जॅक' म्हणून हिणवले. आपला लाडका हरतोय, हे त्यांना सहन होत नव्हते.

त्याच निक्लॉस यांचा 13 एप्रिल 1986 चा दिवस. ऑगस्टाचे मैदान. वय 46. त्या आठवड्यात अटलांटाच्या वर्तमानपत्रात एकाने लिहिले होते की निक्लॉस आता संपले. एका मित्राने ते कात्रण त्यांच्या मुक्कामाच्या घरातल्या फ्रिजवर चिकटवून ठेवले. शेवटच्या दिवशी सुरुवातीला ते ग्रेग नॉर्मनच्या चार फटके मागे होते. पिशवी उचलायला, म्हणजे कॅडी म्हणून, त्यांचा थोरला मुलगा सोबत होता.

नवव्या होलपासून सूर लागला. पंधराव्या होलवर त्यांनी ठरल्यापेक्षा दोन फटके कमी घेतले, ज्याला 'ईगल' म्हणतात. सोळाव्यावर चेंडू मारल्यावर निक्लॉस यांनी वर पाहिलेच नाही, ते टी उचलायला वाकले. एवढ्या लांबचे त्यांना दिसतही नव्हते. चेंडू होलच्या अगदी जवळ गेला आहे, हे त्यांना लोकांच्या गर्जनेवरून कळले. शेवटच्या नऊ होलांत त्यांनी फक्त 30 फटके घेतले, आणि एका फटक्याच्या फरकाने ते जिंकले. लोकांच्या त्या प्रेमाने खेळता खेळता डोळे भरून येत होते, स्वतःला सावरावे लागत होते, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांच्याइतक्या वयाचा विजेता मास्टर्सला आजपर्यंत मिळालेला नाही.

चोवीस वर्षांपूर्वी ज्याला लोकांनी हिणवले, त्याच्यासाठी आता लोकांचा जीव टांगणीला लागला होता. तो त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला होता. चाहत्यांच्या प्रेमातला मोठा भाग सहवासाचा असतो.

इथेच खरा प्रश्न सुरू होतो. लोकांच्या डोळ्यांदेखत म्हातारे व्हायचे तर आधी त्यांच्या डोळ्यांसमोर यायला हवे. ज्याला दारातच अडवले, त्याची कदर कोण करणार?

अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या, म्हणजे पीजीएच्या, घटनेत 1934 पासून एक कलम होते : सदस्यत्व फक्त गोऱ्यांना. हे कलम नोव्हेंबर 1961 मध्ये निघाले. चार्ली सिफर्ड या काळ्या खेळाडूने त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला होता. सिफर्ड लहानपणी कॅडी होते, इतरांच्या पिशव्या उचलता उचलता खेळ शिकले. कलम निघाले तेव्हा ते 39 वर्षांचे होते. खेळाडूची उमेद बहरायची वर्षे बाहेर उभे राहण्यात गेली होती. तरीही ते 1967 मध्ये हार्टफर्डला जिंकले, 1969 मध्ये लॉस एंजेलिसला जिंकले. 1975 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, ज्येष्ठांची पीजीए स्पर्धाही जिंकले. मास्टर्सचे निमंत्रण मात्र त्यांना कधीच आले नाही.

आणि त्या काळात ऑगस्टाच्या मैदानावर काळी माणसे नव्हती असे समजू नका. भरपूर होती. कॅडी सगळे काळे होते. 1982 पर्यंत खेळाडूंना क्लबचाच कॅडी घ्यावा लागे, आपला आणता येत नसे. स्वयंपाकघरात, बागकामात, टेबलावर वाढायला काळी माणसे होती. त्या गवताचा चढउतार, चेंडू कुठे वळेल, हे त्या कॅडींइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पण त्यांनी पिशवी उचलायची, दांडा दुसऱ्याने फिरवायचा. क्लबला पहिला काळा सदस्य मिळाला तो 1990 मध्ये.

1972 पासून नियम झाला की पीजीए टूरवरची स्पर्धा जिंकणाऱ्याला मास्टर्सचे निमंत्रण आपोआप मिळेल. मर्जीच्या जागी नियम आला की दार उघडते. या दारातून आत गेलेले पहिले काळे खेळाडू म्हणजे ली एल्डर. तेही डॅलसचे कॅडी. 1968 मध्ये एका स्पर्धेत त्यांनी निक्लॉस यांच्याशी बरोबरी केली होती आणि बरोबरी फोडायच्या पाचव्या होलवर ते हरले होते. त्याच सुमाराला फ्लॉरिडातल्या पेन्सकोला इथल्या क्लबात त्यांना आणि इतर काळ्या खेळाडूंना आत प्रवेश नव्हता, कपडे गाड्या लावायच्या जागेत बदलावे लागत. एप्रिल 1974 मध्ये त्याच पेन्सकोलात एल्डर स्पर्धा जिंकले आणि मास्टर्सचे निमंत्रण पक्के झाले.

मधल्या वर्षभरात धमक्यांची पत्रे आली. ऑगस्टात त्यांनी दोन घरे भाड्याने घेतली, आपण नेमके कुठे झोपतो हे कोणाला कळू नये म्हणून. 10 एप्रिल 1975 रोजी ते पहिल्या टीवर उभे राहिले. वय 40. दुसऱ्या दिवशी, बाद होण्याच्या बेतात, ते शेवटच्या अठराव्या होलकडे चालत निघाले. तेव्हा क्लबात काम करणारी काळी माणसे हातातली कामे टाकून बाहेर आली आणि त्यांच्या वाटेच्या कडेला रांगेत उभी राहिली.

या माणसांकडे तिकीट नव्हते. त्यांना कोणी पेट्रन म्हणत नव्हते. स्पर्धेच्या निकालात त्या दिवशी एल्डर हरलेलेच आहेत. पण कद्रदान कोणाला म्हणायचे, असे मला कोणी विचारले तर मी या रांगेकडे बोट दाखवीन.

बावीस वर्षांनी, 13 एप्रिल 1997 रोजी, एकवीस वर्षांचा टायगर वुड्स बारा फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकला. तो दिवस पाहायला एल्डर मुद्दाम गाडी हाकत ऑगस्टाला आले होते. वाटेत वेगाने गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पावतीही फाडली! त्या संध्याकाळीही क्लबातले कर्मचारी काम सोडून बाहेर आले होते. पुढे वुड्सची पाठ मोडली, बदनामी झाली, शस्त्रक्रिया झाल्या, आणि 2019 मध्ये 43 व्या वर्षी तो पुन्हा जिंकला. तेव्हा सगळे मैदान त्याचे नाव घेऊन ओरडत होते. तो लोकांच्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊ शकला.

त्या सकाळच्या तिसऱ्या म्हाताऱ्याचीही एक गोष्ट आहे. गॅरी प्लेअर दक्षिण आफ्रिकेचे. 1966 मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात वर्णभेदाच्या धोरणाची पाठराखण केली होती. त्यांच्याच देशात पापवा सेवगोलम नावाचा भारतीय वंशाचा खेळाडू होता, डरबनचा कॅडी. त्याने डच ओपन तीनदा जिंकली. 1963 मध्ये नाताळ ओपन जिंकल्यावर त्याला चषक दिला गेला तो बाहेर, पावसात. गोरे क्लबाच्या आत होते आणि त्याला आत जायला बंदी होती. 1965 मध्ये त्याने हीच स्पर्धा प्लेअर यांना मागे टाकून जिंकली. त्यानंतर सरकारने त्याला मोठ्या स्पर्धांत खेळायची परवानगीच नाकारली. 1978 मध्ये तो वारला. प्लेअर मात्र बदलले. 1971 मध्ये त्यांनी एल्डर यांना दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावले. एल्डर यांची अट होती की प्रेक्षकांची काळे-गोरे अशी विभागणी नको. माणूस बदलू शकतो, हे प्लेअर यांच्याकडे पाहून पटते. पण त्यांना बदलायला जेवढा वेळ मिळाला, तेवढा पापवाला जगायलाही मिळाला नाही.

हे सगळे परमुलखातले, आपला काय संबंध, असे वाटेल. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, 1829 चा. दिल्ली गोल्फ क्लबच्या हिरवळीत जुन्या मकबऱ्यांचे घुमट उभे आहेत. याच क्लबात कॅडी म्हणून वाढलेले अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकले. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. महूचे मुकेश कुमार 2016 मध्ये दिल्लीतच आशियाई टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकले, वयाच्या 51 व्या वर्षी. आमच्या घराघरांत क्रिकेटपटूंची नावे पोरांना तोंडपाठ असतात. शाळेत मुलांना अली शेर यांचे नाव विचारा, एकही हात वर येत नाही. आमच्या समाजात 'आपल्या माणसांची कोणी कदर करत नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. पण आपण तरी कोणाची केली, हाही प्रश्न आहेच.

ऑगस्टाने एल्डर यांचा सन्मान केला, त्यांच्या नावाने तिथल्या पेन कॉलेजात शिष्यवृत्त्या सुरू केल्या, हे चांगलेच झाले. सिफर्ड यांना 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, तेव्हा ते 92 वर्षांचे होते. तीन महिन्यांत ते गेले. एल्डर त्या एप्रिलच्या सकाळनंतर आठ महिन्यांच्या आत, 28 नोव्हेंबर 2021 रोजी गेले. दोघांच्याही वाट्याला मान आला, पण हात थरथरायला लागल्यावर. खेळायचे दिवस त्यांना कोणी परत देऊ शकले नाही.

म्हाताऱ्यांसाठी टाळ्या वाजवणे सोपे असते. ते आता कोणाला हरवणार नसतात. खरा कद्रदान तो, जो माणूस खेळण्याच्या वयात असतानाच हातातले काम टाकून त्याच्या वाटेच्या कडेला येऊन उभा राहतो.