छत्तीस सालचे बोलपट आणि आपण

मराठी आणि हिंदी बोलपटाच्या इतिहासात १९३६ या वर्षाला मानाचे पान आहे. त्या वर्षी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे ‘अमरज्योती’ आणि ‘संत तुकाराम’ पडद्यावर आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ही त्याच वर्षीचा. दलितांच्या इतिहासातही हे वर्ष तितकेच मोठे आहे. ‘जातिनिर्मूलन’ हे बाबासाहेबांचे न झालेले भाषण त्या वर्षीच्या मे महिन्यात पुस्तकरूपाने निघाले. मेअखेरीस मुंबईत नायगावला महार परिषद भरली आणि तिथे ‘मुक्ती कोन पथे?’ हा प्रश्न उभा राहिला. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. परंतु हे दोन इतिहास एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्याला नायगाव ठाऊक नसते आणि चळवळीचा इतिहास लिहिणारा चित्रपटगृहाच्या दारापाशी थांबतो. वस्तुतः दोन्हीकडे एकच वाद चालला होता: या देशातल्या अस्पृश्याचे काय करायचे, आणि ते कोणी ठरवायचे?

गेल्या वर्षभरात तुळजापुरात राहून काही विद्यार्थ्यांसोबत हे बोलपट आणि त्यांच्या मागचे-पुढचे आणखी काही चित्रपट ओळीने पाहिले. ते आवडले, हे आधीच सांगून टाकतो. दलित वाचकाने जुन्या कलाकृतीकडे केवळ दोषदर्शनासाठीच पाहावे असे मला वाटत नाही. जे आवडते त्यालाच खडसावून प्रश्न विचारता येतात.

आधी ‘अछूत कन्या’. निर्माते हिमांशू राय, दिग्दर्शक जर्मनीहून आलेले फ्रान्झ ऑस्टेन, कथा निरंजन पाल यांची, संगीत सरस्वतीदेवींचे. रेल्वेच्या फाटकावर नोकरी करणारा दुखिया हा अस्पृश्य, आणि मोहन हा ब्राह्मण दुकानदार. मोहनला साप चावतो तेव्हा दुखिया विष तोंडाने ओढून त्याचा जीव वाचवतो. दोघांची मैत्री होते. मोहनचा मुलगा प्रताप आणि दुखियाची मुलगी कस्तुरी एकत्र वाढतात, एकमेकांवर जीव लावतात. पण गाव आडवे येते. प्रतापचे लग्न त्याच्या जातीत होते, कस्तुरीचे तिच्या जातीत. शेवटी त्याच फाटकावर दोन पुरुष एकमेकांशी झुंजत असताना धावत्या गाडीला थांबवायला गेलेली कस्तुरी गाडीखाली मरते. तिचे स्मारक होते आणि कथा संपते.

या कथेतले ते फाटक मला फार बोलके वाटते. अस्पृश्याला लेखकाने गावगाड्यात ठेवले नाही, रेल्वेत ठेवले. हे इतिहासाला धरूनच आहे. पलटण, गिरणी, गोदी आणि रेल्वे यांनीच आपल्या माणसाला बलुत्याबाहेरची पहिली रोख मजुरी दिली. ज्या हातात गावकीची काठी होती त्या हातात रेल्वेची हिरवी-तांबडी झेंडी आली, हे लहान स्थित्यंतर नव्हे. पण ते फाटकही गावाबाहेरच आहे. महारवाडा गावाच्या कडेला, तसे दुखियाचे घर रुळाच्या कडेला. जात विचारत नाही असे जे एकच वाहन त्या काळी होते, त्याच गाडीखाली कस्तुरीचा जीव घेतला जातो. दुखियाची गोष्टही तशीच. आजारी मोहनसाठी डॉक्टर मिळावा म्हणून तो गाडी अडवतो आणि त्यापायी नोकरीला मुकतो. त्याने विष ओढायचे, त्यानेच नोकरी गमवायची, त्याच्याच मुलीने मरायचे. पडद्यावरच्या अस्पृश्याला चांगुलपणा सिद्ध करण्यासाठी दर खेपेला काहीतरी द्यावे लागते. ब्राह्मण मोहन चांगला ठरतो तो माणुसकीने वागला म्हणून. दुखिया चांगला ठरतो तो जीव धोक्यात घालतो म्हणून. दोघांच्या चांगुलपणाचे दर असे निराळे का असावेत?

आता याच वर्षीचे ते पुस्तक पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदासाठी बोलावले, भाषणाचा मसुदा पाहिला आणि संमेलनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्यात त्यांचे म्हणणे स्वच्छ आहे: जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, आणि तो होत नाही कारण लोकांच्या मनावर शास्त्रांच्या पावित्र्याचा पगडा आहे, तो पगडाच आधी उखडला पाहिजे. एका बाजूला हे पुस्तक, आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मण मुलगा व अस्पृश्य मुलगी यांच्या प्रेमाचा बोलपट. विषय एकच. पण बोलपट लग्नाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो. शास्त्राला हात न लावता प्रेक्षकाच्या डोळ्यांना पाणी आणतो. ते अश्रू खोटे होते असे मी म्हणत नाही. पण रडून झाल्यावर प्रेक्षक ज्या घरी परत गेला त्या घराचा उंबरठा तसाच राहिला. लाहोरच्या सुधारकांना भाषण झेपले नाही; बोलपट मात्र सर्वांना झेपला. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. कस्तुरीची भूमिका देविकाराणीने केली, जिचे नाते टागोर घराण्याशी होते. तिच्या अभिनयाबद्दल वाद नाही. पण अस्पृश्य मुलीचा चेहरा पडद्यावर आला तो असा उसना आला. त्या वर्षी हजारो खऱ्या कस्तुरी मुंबईच्या चाळींत, गिरण्यांत आणि सभांमध्ये होत्या. कॅमेरा तिकडे वळला नाही.

‘संत तुकाराम’ची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना हात जरा जड होतो. दामले-फत्तेलाल यांचा हा बोलपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईत लागला आणि एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून लोक हात जोडत. पण आम्हां सर्वांना अधिक भावली ती गौरीने केलेली आवली. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा विठ्ठलाच्या नादी. ती पोराला घेऊन देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबालाच जाब विचारते. भुकेच्या बाजूने देवाला विचारलेला इतका सरळ प्रश्न त्या काळच्या पडद्यावर मला दुसरीकडे आढळला नाही. बोलपटाला तुकोबाची भक्ती दाखवायची होती. आवलीने नकळत तिची किंमत दाखवली.

तुकोबाशी आपले नाते जुने आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकारामाचाच अभंग होता. आणि छत्तीस सालीच तुकोबा वादात ओढला गेला. ‘जातिनिर्मूलना’ला उत्तर देताना गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात विचारले की ज्या धर्मात ज्ञानदेव-तुकारामांसारखे संत झाले तो धर्म इतका टाकाऊ कसा असेल? बाबासाहेबांचे उत्तर पुढे पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत छापले गेले. त्याचा आशय असा: संतांनी सर्व माणसे देवापुढे समान आहेत असे सांगितले, माणूस माणसाशी समान आहे असे सांगून जातीविरुद्ध मोहीम उघडली नाही. देवापुढची समता निरुपद्रवी असते, कारण तिच्यामुळे कोणालाही पाणवठा खुला करावा लागत नाही.

हे उत्तर मनाशी धरून बोलपट पाहावा. सालोमालो हा भोंदू ब्राह्मण आहे, तो तुकोबाचे अभंग आपल्या नावावर खपवतो. शूद्राने वेदार्थ सांगू नये म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायला लावतात. इतके सारे बोलपट निर्भीडपणे दाखवतो, हे त्याचे श्रेय. पण वह्या परत येतात त्या नदीच्या चमत्काराने, आणि शेवटी तुकोबाला न्यायला विमान येते. म्हणजे अन्याय भूमीवर घडतो आणि न्याय आकाशातून येतो. ज्यांना विमान आले नाही त्यांनी काय करायचे? नायगावच्या परिषदेपुढे हाच प्रश्न होता, आणि तिथले उत्तर होते: धर्मच बदलायचा.

बोलपटाची ताकद कमी लेखू नये, यासाठी एक पुरावा देतो. या बोलपटातला बीजावरचा सुप्रसिद्ध अभंग तुकोबाचा नाही, शांताराम आठवले यांचा आहे. तरी कित्येकांनी तो गाथेतला म्हणून डोक्यावर घेतला. चित्रशाळेत जे रचले जाते ते परंपरा होऊन बसते, ते असे. मग पडद्यावर आपण नसणे ही केवळ करमणुकीची उणीव राहत नाही. उद्याच्या परंपरेतूनच आपण वगळले जातो.

‘अमरज्योती’विषयी थोडक्यात. शांतारामांच्या या बोलपटात दुर्गा खोटे यांची सौदामिनी ही चाचेगिरी करणाऱ्यांची राणी आहे. स्वतःच्या मुलावरचा हक्क न्यायाने मिळत नाही, तेव्हा ती सत्तेविरुद्ध शस्त्र उचलते. त्या वर्षीच्या तिन्ही बोलपटांत बंड करण्याची मुभा मिळाली ती एकट्या सौदामिनीला. पण ती काल्पनिक समुद्रावर आणि काल्पनिक राज्यात. बंड दाखवायचे तर देश बदलावा लागला!

आता तुळजापूर. छत्तीस साली हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. पंचेचाळीसेक किलोमीटरवरचे सोलापूर ब्रिटिश मुलखात, गिरण्यांचे शहर. तुळजापूरची वाट चालणारा माणूस भवानीसाठी येत असे. त्यात आराधी होते, भुत्ये होते, गोंधळी होते. गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत, सोबतीला संबळ आणि तुणतुणे. रात्रभर दिवटीच्या उजेडात कथा उभी करणारी ही माणसे म्हणजे गोरगरिबांचा सिनेमाच होता. फरक इतकाच की या खेळातला कलावंत तिकिटावर जगत नव्हता, भिकेवर जगत होता. आणि तो कलावंत आहे असे कोणी म्हणत नव्हते, देवीला वाहिलेला आहे असे म्हणत.

या माणसांचाही छत्तीस सालाशी संबंध आहे, आणि माझ्या मते या वर्षीचा सर्वांत मोठा प्रसंग तोच. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, भुत्ये, आराधी आणि जोगतिणी यांची सभा भरली. धर्मांतराला पाठिंबा देण्यासाठी ती होती आणि बाबासाहेब तिथे बोलले. लाजिरवाणे जिणे सोडून द्या, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्येच झाला होता. पण कायदा कागदावर असतो. इथे कवड्यांची माळ घातलेली माणसे स्वतः सभागृहात बसून आपल्या गळ्यातल्या माळेचा विचार करत होती. कल्पना करा, त्या दिवशी एखादा कॅमेरा दामोदर हॉलमध्ये असता तर? मुंबईत त्या वेळी कॅमेऱ्यांची वाण नव्हती. वाण होती ती नजरेची.

आपल्याकडे कॅमेरा नव्हता, पण माध्यम नव्हते असे नाही. भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे त्याच काळात गावोगाव फिरत होते. बोलपटाला चित्रशाळा, यंत्रे आणि भांडवल लागते. जलशाला ढोलकी, कंदील आणि चार धीट माणसे पुरतात. म्हणूनच आपला इतिहास गाण्यात राहिला, फिल्मवर राहिला नाही. विचार पोचायला मात्र फिल्मची वाट पाहावी लागली नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब निजामाच्या मुलखात येऊन बोलले. वतन नावाच्या गुलामीचा तो पंचनामा होता.

जो कॅमेरा तेव्हा आला नाही तो यायला किती काळ लागला? जोगत्या-जोगतिणींचे जिणे मुख्य प्रवाहाच्या मराठी पडद्यावर ठसठशीतपणे आले ते राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’मध्ये, राजन गवस यांच्या लेखनाच्या आधाराने. तो प्रदर्शित झाला २००९ मध्ये. दामोदर हॉलची सभा आणि हा चित्रपट यांत त्र्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये आला ‘फँड्री’. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. कैकाडी समाजातला जब्या, त्याचे डुक्कर धरणारे कुटुंब, आणि ऐन धरपकडीत शाळेत सुरू झालेले राष्ट्रगीत. सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. पकडलेले डुक्कर वाहून नेताना मागे भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा दिसतात. शेवटी जब्याचा दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

दुखिया आणि जब्या यांच्यात अठ्ठ्याहत्तर वर्षे आहेत. दुखियाने प्रेक्षकाकडून दया मागितली आणि ती भरभरून मिळाली. जब्या काही मागत नाही. चित्रपटगृहाच्या अंधारात बसून आपण कोणाच्या बाजूने हसत होतो, एवढे तो दगड विचारतो. हा बदल पडद्याने आपणहून केला नाही. त्यामागे नायगाव आहे, दामोदर हॉल आहे, तडवळे आहे, १९५६ चे नागपूर आहे, आणि सत्तरच्या दशकापासून लिहिली गेलेली दलित कविता व आत्मकथने आहेत. आधी माणसाने स्वतःविषयी बोलायचे ठरवले, मग कधीतरी कॅमेरा तिथे पोचला.

तरुण विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर आराधी अजून चालतात. त्यांच्या पोतीची ज्योत टिपून घेणारे पुष्कळ आहेत. ती पोत हातात घेणाऱ्या बाईचे घर कुठे आहे, शेत आहे की नाही, मुलगी शाळेत जाते की नाही, हे टिपणारे थोडे आहेत. छत्तीस सालच्या बोलपटांवर प्रेम करावे. त्यांतली गाणी, त्यांतली आवली, त्यांतले कारागीर यांचे ऋण मानावे. पण त्यांनी जिथे कॅमेरा बंद केला तिथून आपण तो सुरू करावा.