तोंडाचा कर्करोग : वेळीच पाहण्याचा इतिहास

बहुतेक कर्करोग शरीरात आत दडून वाढतात. तोंडाचा कर्करोग मात्र डोळ्यांना दिसेल अशा जागी जन्म घेतो. तरीही आपल्या देशातील बहुसंख्य रुग्ण रोग बळावल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात. ही विसंगती दूर करण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

१९३३ साली नेय्यूर येथील मिशन रुग्णालयाचे डॉ. आय. एम. ऑर ह्यांनी त्रावणकोरमधील विडा खाणाऱ्यांना होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. परंतु रुग्णालयात भेटतो तो वाढलेला रोग. त्याचा आरंभ पाहायचा, तर गावोगावी जाणेच प्राप्त होते.

ते कार्य टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ पासून हाती घेतले. आपल्या पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. ते निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. केरळ, आंध्र व गुजरातेतील काही गावांत तर तेच लोक दहा वर्षे पुन्हा पुन्हा तपासले गेले. त्यातून दिसले की, हा रोग निरोगी तोंडात सहसा एकाएकी उद्भवत नाही. आधी पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो, किंवा सुपारीच्या सवयीने गालाचे अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. तंबाखू सोडण्याचा सल्ला सातत्याने दिलेल्या लोकांत नवे चट्टे कमी उमटतात, हेही १९७७ पासूनच्या प्रयोगात आढळले.

पण कोट्यवधी तोंडे तपासणार कोण? त्याचे उत्तर पुन्हा जुन्या त्रावणकोरच्याच भूमीत मिळाले. १९९६ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ पंचायत विभाग निवडून त्यांपैकी ७ विभागांत पस्तिशीपुढील लोकांची तपासणी सुरू झाली. तपासणारे डॉक्टर नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले पदवीधर होते. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तंबाखू वा मद्याची सवय असलेल्यांत ह्या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. सवय नसलेल्यांत असा लाभ सिद्ध झाला नाही. २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या व्यक्तींची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी व्हावी, असे मार्गदर्शक धोरण आखले.

जे काम खेड्यातील कार्यकर्त्याला साधले, त्यातला काही भाग घरच्यांनाही साधेल. मशेरी ही तंबाखूच होय, आणि तंबाखूविना खाल्लेली सुपारीही निरुपद्रवी नव्हे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, गालात किंवा जिभेवर कठीणपणा, मानेतील गाठ, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, ह्यांपैकी काहीही दिसल्यास ते दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी हा रोग पुष्कळदा दुखतच नाही. सवयीची लाज वाटून अनेक जण तोंड दाखवायचे टाळतात. अशा वेळी घरच्यांनी बोल न लावता त्यांच्यासोबत दवाखान्यात जावे, एवढीच आमची विनंती आहे.