ब्रँडन चिल्लर
गप्पांत ‘आपला अमेरिकेतला गडी’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तो हा (जन्म 1982). वडील भारतीय वंशाचे. तो अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर. लाइनबॅकर बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा असतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवे पाडणे आणि पास अडवणे, दोन्ही कामे त्याचीच. चिल्लरला 2004मध्ये सेंट लुईस रॅम्स संघाने खेळाडू-निवडीच्या (ड्राफ्टच्या) चौथ्या फेरीत निवडले. 2008पासून तो ग्रीन बे पॅकर्सकडे. फेब्रुवारी 2011मध्ये पॅकर्सने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला, तेव्हा दुखापतीमुळे तो मैदानाबाहेर होता. त्यानंतर तो खेळला नाही. भारतातल्या एलिट फुटबॉल लीगच्या गुंतवणूकदारांत तो होता. तिचा पहिला विजेता संघ पुणे मराठाज.